मानपत्राचा मसुदा

समितीनं सांगितलंय, अडीचशे शब्दांत बसवा.
'नेतृत्व' दोनदा यायला हवं,
'सेवा' निदान एकदा.
सकाळपासून बसलोय. उलानबातरची ही खिडकी,
काचेवर कोळशाच्या धुराचा थर,
बोटानं पुसत तिचा चेहरा आठवू पाहतो,
तर आठवते पाठ.
रॅकमध्ये खांद्यापर्यंत शिरलेली, करड्या स्वेटरची,
कोपरावर वेगळ्याच लोकरीचं ठिगळ.

पुढे चालतो तो नेता, असं शाळेत शिकलो.
सारनत्सेत्सेगला पुढे चालताना मी कधी पाहिलं नाही.

त्या काळी या गल्लीतून त्या गल्लीत धाडलेलं पत्र
हाँगकाँगला वळसा घालून यायचं.
शेजारणीकडे मीठ मागायचं
आणि त्यासाठी समुद्र गाठायचा,
तोही समुद्र नसलेल्या देशातून.
चार कंपन्या, चार मालक,
एकमेकांचं तोंड न पाहणारे.
तिनं त्यांना तळघरात बोलावलं,
मीठ घातलेला दुधाचा चहा दिला.
भाषण नाही. एक जुना स्विच दाखवला, चोवीस पोर्टांचा.
"हा कुणाचाच नाही," म्हणाली, "म्हणून जमेल."
गानझोरिगनं पहिली केबल खोचली, रागारागानंच.
अजून आहे ती तिथं. पिवळी.
पहिल्या हिवाळ्याचं भाडं कुणी भरलं, मला ठाऊक नाही.
तिची मोटारसायकल मात्र नंतर दिसली नाही.

मग जानेवारीतली ती रात्र.
नोंदवहीत एवढंच:
२.१४ लिंक पडली.
२.५१ उभी राहिली.
मधल्या सदतीस मिनिटांत
उणे अडतीस, टॅक्सी नाही, दोन किलोमीटर बर्फ,
आणि बोटाएवढं एक ऑप्टिकल मॉड्यूल
अंगरख्याच्या आत, छातीशी धरलेलं.
गारठलेला भाग एकदम उबेत नेला तर आत दव धरतं.
तिच्या मुलखात नुकतं जन्मलेलं कोकरू
असंच घरी आणतात.

सकाळी शहर उठलं.
पोरांनी कार्टून पाहिली, इस्पितळानं एक्स-रे पाठवला,
कुणी कुणाशी तरी भांडलं.
कुणाला काही कळलंच नाही.
न कळणं, हेच तर तिचं काम.
जे घडलं नाही
त्याचं मानपत्र कुठून सुरू करायचं?

शेवटी लिहिलं. निळ्या रेशमी खदगच्या घडीत ठेवलं
आणि समारंभाआधी तिला दाखवायला नेलं.
तिनं उभ्याउभ्या वाचलं. कानामागची पेन्सिल काढली.
'एकटीनं' खोडलं, वर लिहिलं:
दावासुरेन, रखवालदार. टॉर्च त्यानं धरला.
'नेतृत्व' दोन्ही ठिकाणी राहू दिलं,
बहुधा नजर तिथं थांबलीच नाही.
मग सदतीसवर रेघ.
"एक्केचाळीस कर," म्हणाली.
"लिंक उभी राहिली, पण वाटा सरळ व्हायला
आणखी चार मिनिटं गेली.
लोकांना तोवर बंदच होतं."