डावा कार्ब्युरेटर

कीथली हे नाव लिहितात एक, म्हणतात दुसरंच.
मिस्टर हॅगसही तसाच. तोंडाने फटकळ,
पण खुर्चीत पाठ टेकली की
माझ्या कोटाची बाही मुठीत धरून ठेवणारा.
त्याची खालची दाढ मी तीन बैठकींत वाचवली.
जाताना म्हणाला,
"डॉक, तुझ्या बोटांजोगं एक काम आहे. पैसे मिळणार नाहीत."
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलंय, एकवीस वर्षं.
म्हणून गेले.

मागच्या गल्लीत, उताराला टेकलेलं गॅरेज.
चादरीखाली बीएसए, एकोणसत्तर सालची,
कार्ब्युरेटर जुळे, उजवा नि डावा.
शेवटची चालवली सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात,
स्कारबरोहून परतताना. मागे डोरीन,
डोरीनच्या मांडीवर खेकड्यांची पिशवी.
पुढचं त्याने सांगितलं नाही.
मी पाना हातात घेतला.

त्याचे हात कापतात.
कप बशीवर वाजायच्या आधीच तो सॉरी म्हणतो.
म्हणून तो स्टुलावर, आणि मी त्याचे हात.

वाटी उघडली. तळाशी पेट्रोल सुकून
हिरवट तपकिरी झालेलं, काकवीसारखं घट्ट,
वास मात्र वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटाचा.
फ्लोट त्यात माशीसारखा चिकटलेला.
"हे सत्त्याऐंशीचं," तो म्हणाला, "तेव्हा गॅलनला..."
आणि भाव काही आठवेना त्याला.

सुटे भाग लिंबाच्या रसात उकळायचे, म्हणे.
बाजारातून आणलेली बारा लिंबं पिळली
डोरीनच्या जॅमच्या पातेल्यात.
राखाडी धातू हळूहळू उघडा पडत गेला.
चिंचेने घासलेल्या समईची ऐट त्याला कुठली,
पण माझा अंगठा त्यात अंधूक दिसला.

उजवा बोलता झाला.
डाव्याचा पायलट जेट बंद.
आत खोल, दाबून बसवलेला, बाहेर न येणारा,
केसाएवढं भोक, तेही नजरेला नाही.
हे तर माझंच काम.
खिशातून फाइल काढली, रूट कॅनालची, पंधरा नंबरची.
मिरजेला स्टोव्ह फुरफुरला की आई हाक मारायची,
पिन तूच मार, तुझा हात हलका.
पिवळी ज्योत निळी होईपर्यंत मी श्वास धरून असायची.

"घासायचं नाही हं," हॅगस म्हणाला,
"नुसतं विचारायचं, आहेस का आत?"
दोन रविवार उत्तर नाही.
तिसऱ्या रविवारी, खालच्या दरीतून
वाफेची गाडी शिट्टी मारून गेली त्या सुमाराला,
बोटाला कळलं.
फवारा मारला, तर पलीकडच्या भोकातून
बारीक तुषार थेट माझ्या चष्म्यावर.
हॅगस इतका हसला की त्याला ठसका लागला,
पाणी आणावं लागलं.

नवी गॅस्केटं, नवी सुई, हवेचा स्क्रू दीड फेरा बाहेर.
मग बोट ओलं होईपर्यंत टिकलर दाबत राहायचा,
नमनालाच घडाभर तेल.
किक मारायला माझा गुडघा नाही, त्याचा तर नाहीच.
शेजारच्या जुबैरला बोलावलं.
तो शाळेच्या बुटांत आला, नऊ वेळा उडी मारली,
दहाव्यांदा पेटली.
आधी खोकली, मग एका अंगाने लंगडली,
मग डावा उजव्याला येऊन मिळाला
आणि गॅरेजच्या पत्र्याने ताल धरला.

हॅगस उठला. टाकीवर तळहात टेकला.
टाकी थरथरत होती, हात थरथरत होता,
कुठलं कोणाचं, सांगता येईना.
तो सॉरी म्हणाला नाही.

डाव्या वाटीखाली थेंब जमत होता.
जुबैरने बोट दाखवलं. गॅस्केट नीट बसलं नव्हतं,
माझीच घाई.
"पुढच्या रविवारी!" हॅगस इंजिनावरून ओरडला,
"लिंबं मी आणतो!"
लिंबं लागणार नव्हती.
मी मान डोलावली.