सोळा एमबी

रात्री अडीचला रेकॉर्डिंग लावते.
दिवसा सावद्यात पंचेचाळीसच्या पुढे असतं
आणि कॅबिनेटचा पंखा
रसवंतीच्या चरकासारखा ओरडतो.
फैजपूरच्या कॉलेजनं लिलावात काढलेलं मशीन आहे,
एका बाजूचं झाकण आलंच नाही सोबत.
उघड्या बाजूला टेबलफॅन, फॅनमागे ओलं गोणपाट.
ते डोकं मम्मीचं.

गेममधला ट्रक निळा, परदेशी.
मागे काय भरलंय ते कोपऱ्यात लिहून येतं:
चीज, वीस टन.
मी मनात केळी धरते.
बावीस मिनिटं चालवलं. दोन बोगदे, एक टोलनाका,
उतारावर एकदा गिअर चुकला, तोही आला त्यात.
ऊन इतकं लख्ख
की कडेच्या झाडांची पानं मोजावीत.
फाईल भरली चार जीबी.

पप्पांचा फोन सोळा एमबीच्या वर काही गिळत नाही.

कापायला बसले.
बोगदे गेले. टोलनाका ठेवला,
बिनपैशाचा टोल बघून हसतील म्हणून.
सहा मिनिटं उरली, ती दाबायची.
साठ फ्रेमच्या चोवीस केल्या,
चित्र छोटं, अजून छोटं.
दाबण्याची रीत तशी साधी आहे:
जे हललं नाही ते परत लिहायचं नाही.
आभाळ एकदा लिहायचं,
पुढच्या फ्रेमला नुसतं, तेच.
डॅशबोर्ड, तेच.
डोंगर, तेच, जरासा डावीकडे.

पप्पांचे फोनही असेच येतात.
इंदूर सोडलं.
ब्यावऱ्याला टायर बदलला.
बाकी तेच.

एकोणसत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस टीं टीं करत राहिला,
मम्मी झोपेतच म्हणाली, बंद कर ते पाखरू.
परत पहिल्यापासून.
उजाडताना पंधरा पॉइंट आठ झाली
आणि गेली.

अकरा वाजता निळ्या खुणा.
पाठोपाठ आवाज, मागे ढाब्याची भांडी,
क्लीनर अशपाक कुणाला तरी चहात साखर कमी सांगतोय.
"काबरं व माय, राँग साईडनं चालवते?"
सांगितलं, तिकडे तसंच असतं.
"मंग ठीक. गिअर उतारावर नको बदलू,
आधीच पाडून ठेवत जाय."
थोडं थांबून,
"पण इतकं धुकं व्हतं का तिथी?"

मी स्क्रीनवर माझीच फाईल उघडली.
झाडं नव्हती. झाडांच्या जागी
हिरवट राखाडी चौकटी
एकमेकींत विरघळत चाललेल्या.
पांढरी पट्टी चार हात पुढे, मग काही नाही.

सांगता आलं असतं, पप्पा, ते दाबल्यामुळं.
म्हणाले, "हो. खूप होतं."

मग ते आठ मिनिटं बोलले.
एवढं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलत नाहीत.
धुक्यात फुल लाईट नको, उजेड आपल्याच डोळ्यांत येतो.
पट्टी धर, तुझ्याकडं उजवी तं उजवी.
समोरच्याचे लाल दिवे दिसले
तं मांगं मांगं राह्य, पण लई भरवसा नको,
तो खड्ड्यात गेला तं तूबी जाशील.
काच खाली कर. दिसत नाही तवा
ऐकू येते.

पुढची सगळी रेकॉर्डिंगं मी काच खाली करून केली.
गेममध्ये तसं बटण आहे.

जानेवारीत त्यांच्याकडून आली एक, नऊ सेकंदांची.
ग्वाल्हेरच्या अलीकडे कुठेतरी.
काच, वायपर, आणि पांढरं.
अशपाकचा हात खिडकीबाहेर, टॉर्चसकट.
लांब कुणाचातरी हॉर्न.
साईज बघितली तर एक एमबीसुद्धा नाही.
दिसतच नाही काही
तर मशीननं तरी काय लिहावं.

मी उलट लिहिलं, डावी पट्टी धरा.
दुपारपर्यंत एकच खूण होती.
दुसरी आली तेव्हा मी भाकरीला बसले होते.

आता डिस्क भरत आलीय, लाल पट्टी दाखवते.
काहीतरी काढावं लागणार होतं.
चार जीबीवाली काढली,
पानं मोजता येणारी.