निळा चीक

चीक पांढरा असतो, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.
पपईचा, नीरफणसाचा,
आमच्या मिशनमागच्या वडाचा.
मग फिलोमेननं कोयत्याच्या टोकानं
त्या झाडाला एक चरा दिला, नखभर,
आणि आतून ओघळलं
मोरचुदासारखं हिरवं-निळं.

"चाखू नकोस," ती म्हणाली.
"हे झाड निकेल पिऊन बसलंय."

बसलंय, असंच म्हणाली.
लग्नाच्या मांडवात एखादा चुलता कोपऱ्यात बसतो
आणि पहाट झाली तरी उठत नाही, तसं.

थिओच्या डोंगराची माती लाल आहे.
लाल म्हणजे किती, ते चादरी धुणाऱ्या बाईला विचारा.
कुत्री लाल. पावाची कड लाल.
बाप कामावरून यायचा तेव्हा
पापण्यांच्या केसांवरसुद्धा डोंगर बसलेला.
एकतीस वर्षं त्यानं ट्रक खाली आणला,
भरलेला खाली, रिकामा वर,
आणि खाडीत जहाजं उभी असायची
गोठ्यातल्या गायींसारखी, चरायला मिळेल म्हणून.

कोनफळं आम्ही नदीकाठच्या काळ्या गाळात लावतो.
वर काही येत नाही, म्हणायचे सगळे.
"काही" म्हणजे आपल्याला खाता येईल असं काही,
हे मला रोपवाटिकेत लागल्यावर उमगलं.
वर तर गर्दी होती.
मेणचट पानांची, वाकड्या खोडांची, चिवट, बुटकी,
सावकाश गर्दी.
आणि पहाटे कागू ओरडायचा,
पंख असून न उडणारा, राखाडी,
हुबेहूब कुत्र्यासारखा;
खाली गावातली खरी कुत्री
उठून उत्तर द्यायची.

पहिल्या वर्षी मी एक शहाणपणा केला.
तीन रोपं चोरून घरी नेली,
काळ्या गाळात लावली, शेणखत घातलं, सावली केली.
बिचारी, म्हटलं, आता तरी पोटभर जेवतील.
तीन आठवड्यांत गवतानं गिळली.
नुसतं गवत नाही, घाणेरी, वेली,
बोलावलेलं न बोलावलेलं सगळं.
फिलोमेन ओरडली नाही.
"चांगल्या मातीत सगळ्यांना जागा असते," म्हणाली,
"म्हणून ह्यांना नसते."

पुढं कितीतरी दिवस
मी ते वाक्य चघळत कुंड्या भरत होते.
ज्या विषानं ह्यांना राखलं,
गवताला, वेलींना, कोनफळांना, आम्हाला
वर चढू दिलं नाही,
त्याच विषासाठी रस्ता झाला.
रस्त्यावरून बाप.

हे झाड फुलायला चाळीस वर्षं घेतं, असं सांगतात.
फिलोमेनची बासष्ट झाली.
तिनं लावलेलं पहिलं रोप पाच वर्षांत
माझ्या गुडघ्याला लागलं नाही.
"मग कशाला?" मी विचारलं.
ती बी निवडत होती, मान वर केली नाही.
"रांगेत नंबर लावून ठेवते."

बाप आता आमच्याकडे माती चाळायला येतो.
तीच माती.
जी आई तीस वर्षं उंबऱ्याबाहेर झटकत होती
ती तो हाताने चाळतो,
खडे वेगळे, धूळ वेगळी,
आणि खोकतो, आणि पुन्हा चाळतो.

मागल्या आठवड्यात आम्ही त्याला वर नेलं,
न खोदलेल्या धारेवर, त्या मोठ्या झाडापाशी.
चरा भरून आला होता,
कडेला निळा वाळलेला थेंब.
त्यानं खिशातून फुलांच्या छापाचं कापड काढलं,
हातभर, घडी मोडलेली,
त्यावर तंबाखूची पुडी, एक नोट.
पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या दारी जाताना
आमच्यात ठेवतात तसं
त्यानं ते मुळाशी ठेवलं, आणि टोपी काढून
बराच वेळ काहीतरी पुटपुटला.
वारा होता. आम्हाला ऐकू आलं नाही.

उतरताना एवढंच म्हणाला,
कुंड्या लहान पडतायत,
ह्यांची मुळं खोल जात असणार.