दोन सूत

दार पडलं नव्हतं. उतरलं होतं,
पेंगणाऱ्या माणसाची मान उतरते तसं.
वरची बिजागरी धडधाकट.
खालची ज्या पत्र्यात रुतलेली, तो पत्राच
खानापुरी कौलाच्या रंगाचा होऊन
नखानं निघायला लागलेला.

दोन वर्षं सुंभाच्या दोरीवर काढली.
खानापूर ते कणकुंबी, शहाण्णवची ट्रॅक्स.
दाराशी बसेल त्यानं दोरी धरायची,
हा आमच्या वडापचा नियम.
कालमनीची द्रुपदी उतरताना भांडायची,
"अर्धंच भाडं घे,
अर्धी गाडी मीच धरून आणली."

शेवटी रुद्राप्पा बडिगेरकडं लावली,
जांबोटी क्रॉसला, चिंचेखाली.
त्यानं दार चवड्यानं खालून उचललं,
सोडलं. उचललं. सोडलं.
"बिजागरी बदलू नकोस," म्हणाला,
"तिचं काय चुकलंय?
बसायला जागा नाही तिला."

दावलनं जॅक लावला, वर लाकडी ठोकळा.
"स्वल्प एत्तु." त्यानं उचललं.
"जास्त झालं की रे."
"साकु, साकु."
आणि मग "सावकाश".
हा शब्द कानडी की मराठी,
दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.
जॅक मात्र तेवढ्यानंच हलका उतरला.

ग्राइंडरनं खांबाचा पत्रा तळहाताएवढा कापला.
रुद्राप्पानं आत हात घातला,
चिमणीच्या घरट्यात घालावा तसा.
गंजाचा भुगा, भाताची तुसं, एक चार आण्याचं नाणं,
आणि बिजागरीमागं दडपलेली चपटी घडी:
तेलाच्या डब्याचा पत्रा, चार पदरी,
कडा ठोकून बोथट केलेल्या,
ग्रीसच्या मेणकापडात गुंडाळलेला.
तेलाचं नाव अर्धंच उरलेलं: "...दाणा".

"कोण घाटलंय रे हे?"
तो उन्हात धरून बघत राहिला.
"हातात काम होतं त्याच्या.
हे नसतं तर दार दहा वर्षांमागंच गेलं असतं."

मी बोललो नाही.
डब्याच्या कडेनं लुमाण्णाचं बोट कापलेलं,
तो दिवस मला ठाऊक होता.
त्याच साली, का पुढच्या,
गाडी कुणाची यावरून आमचं झालं.
तो चोर्ल्याचा घाट उतरून वाळपईला गेला,
आणि मी इथं गिऱ्हाइकांना सांगत राहिलो,
दार माझ्या भावानं बिघडवून ठेवलंय.

नवी पट्टी चौदा गेजची. आतून दोन नट टाके मारून,
भोकं मुद्दाम जरा लांबट.
निळा उजेड. दावलनं भिंतीकडं तोंड केलं.
मी डोळ्यांवर हात घेतला,
तरी बोटांच्या फटीतून दिसतच होतं.

दार चढवलं.
कुलपाकडचा कोपरा खाली घासला, वर दोन सूत फट.
एक वॉशर घातला, कमी पडला. दोन घातले, जास्त झाले.
रुद्राप्पानं इकडंतिकडं बघितलं,
बाकड्यावरची ती घडी उचलली,
चिंधीनं पुसली आणि माझ्याकडं वळला.
विचारलं काहीच नाही.
मी मान हलवली,
की ती आपसूक हलली, आता आठवत नाही.

दुपारच्या ट्रिपला द्रुपदी चढली,
नेहमीसारखं जोर लावून दार ओढलं.
दाणकन!
मागची सगळी माणसं माना वळवून बघायला लागली.
"दोरी कुठाय?"
"काढली."
कालमनी येईपर्यंत तिची मूठ
दोरी नसलेल्या जागी वळलेलीच होती.

लुमाण्णाला फोन केला नाही.
जांबोटीच्या पुढं रेंज नसते.
अलीकडं असते, पण गिऱ्हाईक असतं.