दाब, धर, सोड

चढावर पेटायचा, उतारावर विझायचा.
लाल दिवा: वर्तुळात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस,
जसं कुणी ओरडावं
आणि शेजारच्यानं लगेच त्याचं तोंड दाबावं.
आठवडाभर मी त्याच्याशी तडजोड केली.
माझे रुग्ण बेटभर विखुरलेले,
कुणाचं इन्सुलिन, कुणाची पट्टी,
नोव्हेंबर, दुपारी दोनलाच काळोख.
उतारावर विझतोय ना, मग चालतंय.

ओडवारनं जन्मभर बोटींची डिझेल इंजिनं उघडली.
माझ्या गाडीला तो फ्रिज म्हणतो.
तरी विजेरी दातांत धरून वाकला,
पांढुरक्या डब्यावर टिचकी मारली,
आणि दिवा सपाटीवरही लुकलुकला.
"आतला तरंगता गोळा खोटं बोलत नाही.
पातळी खालच्या रेघेला टेकलीय.
चढाला सगळं मागे सरतं, गोळा बुडाशी बसतो."

मी म्हटलं, भरून टाकू, बाटली आणलीय.
"भर की. मग विचारणार कुणाला?"

म्हणायचं ब्रेक ऑइल, पण तेल नव्हेच ते.
पाण्यात मिसळतं, हवेतली ओल चोरून पितं,
सांडलं तर गाडीचा रंग सोलून काढतं.
पॅड झिजतात तसतसं डब्यातून खाली उतरतं
झिजेची जागा भरायला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
पण माझे पॅड चार वर्षांनीही कोरे.
मी ब्रेक मारतेच कुठे?
पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते,
उताराची वीज करून ठेवून देते.
झीज नाही, आणि तरी घट.
असा हिशेब समोर आला की ओडवार शिट्टी वाजवायचं थांबवतो.

चाकं उतरवली. तीन कोरडी.
चौथं, मागचं डावं: नळी जिथे क्लिपखाली वळते
तिथे रस्त्यावरच्या मिठानं तिला खाल्लेलं.
त्यानं बोट फिरवलं, हुंगलं, पँटीला पुसलं.
सापडलं म्हणाला नाही. नुसतं "हं."

नवी नळी सोर्टलानहून बसनं आली,
ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, तिकीट न काढता.
ती बसवली. आता आतली हवा काढायची.
आधी पडद्यावरून गाडीला कळवायचं
की तुझी दुरुस्ती चाललीय, मध्ये बोलू नकोस.
मग एकानं पेडलवर, एकानं चाकाशी.
पण ओडवारला उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्यानं अर्धवट,
आणि गॅरेजच्या पत्र्यावर वारा.

बोर्गहिल्ड दारात येऊन उभी राहिली, अंगात त्याचा स्वेटर.
सोमवार-गुरुवार मी येते ती तिच्यासाठीच.
वर्षभर तिचे शब्द जागा बदलताहेत:
चमच्याला होडी म्हणते, मला कधी बहीण, कधी पोस्टमन.
ओडवारनं चाकाखालून हात वर केला. मूठ.
"दाब," ती म्हणाली.
उघडा पंजा. "धर."
स्क्रू सैलावला, पाय खाली खाली गेला,
पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले चहाच्या रंगाचे,
स्क्रू पुन्हा आवळला. दोन बोटं.
"सोड."
सोड जरा आधी आलं असतं
तर हवा परत आत, सगळं पहिल्यापासून.
मी आरशात तिच्या ओठांकडे बघत होते.
दाब. धर. सोड.
चार चाकं, तासभर,
एकदाही चूक नाही.
पुढच्या उजव्या चाकाशी तर
त्याचा हात वर येण्याआधीच ती म्हणाली,
आणि तो हात वर आलाच.

पेडल ताठ झालं. डब्यात वरच्या रेघेशी
मधासारखं स्वच्छ काहीतरी थरथरलं.
घाट मी त्याच रात्री दोनदा चढले. अंधारच राहिला पडद्यावर.

पण त्याआधी, हात धुताना,
बोर्गहिल्डनं बाकावरचा आठ नंबरचा पाना उचलला,
तळहातावर तोलून पाहिला,
आणि विचारलं, हा मासा कुठे मिळाला आज?
ओडवार टॉवेल शोधत होता.
"मागच्या डाव्या चाकाशी," तो म्हणाला.