दुरुस्ती

साक्रीहून एस.टी.नं आला होता तो,
शेवटच्या बाकावर बसून, असं कंडक्टरनं नंतर सांगितलं.
गळ्यात ओळखपत्र नाही, कॅमेरा नाही.
पिशवीत फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी
आणि तीस मीटरची फीत,
आमच्या खात्यात असते तशी.

उंबरनाल्यावरचा पाझर तलाव
मी मोजमाप पुस्तकात बांधला होता.
लांबी एकशे चाळीस, माथा अडीच,
दगडी अस्तर, सांडवा, सगळं.
माझं अक्षर चांगलं.
अजून एक सही मिळती
तर त्यात पाणीही साठलं असतं.

दिवसभर फिरला तिथं.
बकऱ्या चारणाऱ्या पोरीला फितीचं टोक धरायला लावलं
आणि बांध जिथं असायला हवा होता तिथं
एकशे चाळीस मीटर बाभळी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर.
"मी काल तठे गयथू, साहेब.
तुमनं काय म्हननं शे?"
मी म्हणालो, लेखी द्या.
त्यानं लेखी दिलं.
मी म्हणालो, वरून आदेश होता.
कुणाचा, त्यानं विचारलं,
आणि पेन उघडं ठेवून थांबला.
पंखा फिरत होता. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय आली.
माझ्या उत्तरासाठी इतका वेळ
आजवर कुणी थांबलं नव्हतं.

ठेकेदार गुलाबशेठनं दिवाळीची पानभर जाहिरात पाठवली, रोखीनं.
पैसे मनिऑर्डरनं परत आले,
कमिशन त्यानंच भरलेलं.
'गावपांढर'चा तो अंक चार पानी.
तिसरं पान कोरं, खाली एकच ओळ:
ही जागा विकत मागितली होती, दिली नाही.
पहिल्या पानावर तलाव.
त्याच्याखाली, तेवढ्याच जाडीच्या टायपात,
माझं म्हणणं. जसंच्या तसं. चहासकट.

फक्त माझं नाव चुकलं होतं.
पुंडलिकचा पंडित झाला होता,
आणि पंडित भदाणे नावाचा एक सरळ माणूस
शिरपूरला आमच्याच खात्यात होता.
त्याची बायको म्हणे दोन दिवस जेवली नाही.

मी गप्प बसू शकलो असतो.
का कोण जाणे, पोस्टकार्ड लिहिलं.
निम्मं शिव्यांचं, निम्मं नावाचं.
पुढच्या मंगळवारी चौकट आली:
दुरुस्ती. तो अभियंता पुंडलिक भदाणे.
शिरपूरच्या पंडित भदाण्यांचा या तलावाशी संबंध नाही.
त्यांची माफी मागतो.
शिव्यांबद्दल एक अक्षर नाही.

अकरा महिने निलंबित होतो.
त्या अकरा महिन्यांत त्याला काय काय म्हणालो,
ते सांगत नाही.
मग धडगावकडे बदली.
चांगला झालो, असं नाही. भीती बसली, एवढंच.
सही करायला पेन उचललं की
एस.टी.च्या शेवटच्या बाकावर कुणीतरी बसलेलं दिसायचं.
त्या भीतीनं तिकडे दोन बांध खरे झाले.
एक पुढं वाहून गेला, पण होता.

आता निवृत्त आहे.
मोठ्या पेपरात गुलाबशेठचा वाढदिवस रंगीत येतो, पुरवणीसकट.
'गावपांढर'च्या सरकारी जाहिराती कधीच बंद झाल्या.
ट्रेडल भंगारात गेली, अंक धुळ्याला छापून येतो,
वर्गणीदार तीनशे बारा.
त्यातला एक मी.
दर जूनला स्वतः जातो, दोनशे रुपये घेऊन.

हिलालअप्पा पावती फाडतो,
इतकी वर्षं झाली तरी दर वेळी विचारतो, नाव?
सांगा ना. "नाव तं बरोबर जोयजे."
मी एकेक अक्षर सांगतो.

त्याच्या मागं खिळ्याला ती फीत.
तिची पहिली तीन मीटरं झिजून गेलीत, आकडे दिसत नाहीत.
टाकून का देत नाही, असं विचारलं तर म्हणाला,
चारपासून धरायचं, मोजायचं,
आणि शेवटी तीन वजा करायचे.