भरती वजा खाली

वरूडच्या नाक्यापासून दीड किलोमीटरवर माझा धर्मकाटा.
सत्तावीस वर्षं मी एकच वजाबाकी करतो:
भरती वजा खाली.
उरला तो माल.
संत्र्याचा ट्रक, सरकी, गिट्टी, भंगार,
एकदा सर्कशीचा हत्तीसुद्धा.
त्याची चिठ्ठी अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

आता काचेखाली दुसरा एक कागद आलाय,
नागपूरच्या शोरूमवाल्या पोराने पाठवलेला,
लग्नपत्रिकेहून जाड.
दोन दारांची गाडी. जगात पंच्याहत्तरच.
मला मिळाली तर एकसष्ट नंबरची,
दाराच्या आत पितळी पट्टीवर तसं कोरून.
रंग हिरवा: आंबिया बहाराच्या फळाला
तोडीला महिनाभर बाकी असताना असतो, तो.
एक कोटी नव्वद.
शनिवारपर्यंत सांगा, शेठ.

मोर्शी रोडवरचे चार एकर गोदामवाल्यांना गेले.
पैसा बँकेत पडून आहे,
दवाखान्यातल्या माणसाला बघून यावं तसा
मी त्याला दिवसातून दोनदा फोनवर बघून येतो.

पोरगा म्हणतो, चालवायची नाही.
हजार किलोमीटरच्या आत ठेवा,
दहा वर्षांत दुप्पट.
टायरखाली गादी, अंगावर मऊ खोळ, खोलीला एसी,
महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून
दहा मिनिटं ऐकायचं. बस.

पुष्पलताने चष्मा वर करून फोटो पाहिला.
"दोनच दारं? मंग मांगं कोन बसन?"
कोणी नाही, म्हटलं.
"अन् पुढं?"

आमच्याकडे एक लाकडी नंदी आहे, सागाचा,
आजोबांनी पांढुर्ण्याच्या सुताराकडून करवलेला.
तान्ह्या पोळ्याला मी ओढला, मग माझ्या पोरींनी,
शिंगांना बेगड, गळ्यात घागरमाळ,
घरोघरी बोजारा गोळा करत.
मागच्या वर्षी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला,
शिंगं ठोकून पाहिली, पोटाखाली हात फिरवला,
म्हणाला, अडीच लाख.
चाकं मूळची असती तर पाच.
मूळची चाकं गावच्या खडीवर झिजली.
मीच बदलली, त्र्याण्णव साली,
पोळ्याच्या दुपारी धाकटी रडत बसली म्हणून.
म्हणजे अडीच लाख त्या दुपारचे.
ते कोणत्या वहीत मांडायचे, मला कळलं नाही.

काल गाडी आली, बंद ट्रेलरमधून, दाखवायला.
पोराला म्हटलं, काट्यावर चढव.
तो हसला, मग मी हसत नाही हे त्याने पाहिलं.
पोट जमिनीपासून चार बोटं,
चढाला घासणार,
चिंधूने संत्र्याच्या क्रेटखालच्या फळ्या आणून लावल्या
तेव्हा ती चढली,
मांजर ओल्या फरशीवरून जातं तशी.

चौदाशे ऐंशी.
चिंधू खिडकीतून ओरडला,
"शेठ, मालात काय लिहू?"
काही नाही, म्हटलं. खाली गाडी.
मग काय वाटलं कोण जाणे,
दार उघडून आत बसलो.
सीट इतकी खोल की नाकाच्या रेषेत
बाजूच्या ट्रकची चाकं.
मागे दोघे हॉर्न देत असणार,
एक सोयाबीनचा, एक बैतूलकडचा, ताडपत्री बांधलेला.
काचेतून काहीच आत येत नव्हतं.
पंधराशे साठ.

या वेळी चिंधूने विचारलं नाही.
चिठ्ठी फाडून हातात दिली:
भरती, खाली, निव्वळ ऐंशी किलो,
आणि मालाच्या रकान्यात, पेनने, तिरक्या अक्षरात
माझं नाव, आडनावासकट.
वर काट्याचे चाळीस रुपये.
दिले.

शनिवारला अजून दोन दिवस आहेत.
कोठीची जागा मोजून ठेवलीय, चौदा बाय बावीस.
नंदीला तिथून हलवावं लागेल.